आधी ऐकायची जागा सांग, मग अल्बम

भाऊ, तुझा मेसेज दोनदा वाचला आणि नऊच्या नऊ ट्रॅक ऐकले, एकदा गाडीत आणि एकदा रात्री घरी. तुझा प्रश्न थोडक्यात असा, की सावद्याला दिवसा केळीच्या पॅकहाउसला काम करून दोन वर्षं रात्री एकट्याने लॅपटॉपवर अल्बम केलास, ५२ मिनिटांचा, एका ओवीपलीकडे शब्द नाहीत, ठेका जवळपास नाही, सिंथेसायझरचे लांब सूर आणि त्यात बागेतले, ठिबकचे, मालगाडीचे आवाज. व्हॉट्सअॅपवर चाळीसेक जणांना लिंक टाकली, तिघांनी 'छान' लिहिलं, एकाने विचारलं गाणं कुठंय, बाकी नुसत्या निळ्या टिका. आता नीट रिलीज करायचाय आणि तू विचारतोस ओळख कशी करून देऊ, बीट टाकू का, मास्टरचा, म्हणजे अंतिम मिक्सचा, आवाज मोठा करू का.

मी वीसेक वर्षं जळगावात रेकॉर्डिंगचं काम करतोय, पोटासाठी अहिराणी गाणी, लग्नाचे अल्बम, प्रचाराच्या क्लिपा, आणि स्वतःसाठी तुझ्यासारखंच बिनशब्दाचं इलेक्ट्रॉनिक, त्याचे तीन अल्बम काढलेत. म्हणून खाली जे लिहितोय ते करून बघितलेलं आहे.

अल्बम चांगला झालाय, हे आधी ऐक. चौथ्या ट्रॅकमध्ये ठिबक चालू केल्यावर नळ्यांतून आधी हवा फुसफुसत निघते, मग दाब बसतो आणि मग थेंब लागतात, हे सगळं तू न कापता दीड मिनिट तसंच ठेवलंस आणि थेंब लागले की खालून सूर आणलास. ज्याने पहाटे उठून व्हॉल्व फिरवलाय त्यालाच ते सुचू शकतं. पण तुझ्या ओळखीच्या मजकुरात ठिबक नाही, केळी नाही, सावदा नाही. तिथे लिहिलंय 'अंतर्मनाच्या अथांग गाभाऱ्यातला ध्वनिप्रवास, हेडफोन लावा, डोळे मिटा आणि हरवून जा'. हे वाक्य कुठल्याही अल्बमला लावता येतं, योगाच्या व्हिडिओलाही लावता येतं, आणि वाचणाऱ्याच्या हातात त्यातून काहीच पडत नाही.

गाण्याला शब्द असले की ओळखीची गरज फार नसते, मुखडा कानावर पडला की माणसाला कळतं आपण काय ऐकतोय. आपल्या प्रकारात मुखडाच नाही, त्यामुळे ऐकणारा वाट बघत बसतो, आता सुरू होईल मग सुरू होईल, आणि दोन मिनिटांत बंद करतो. त्याला कंटाळा आलेला नसतो बरं का, त्याला आपण काय करायचंय हेच कळलेलं नसतं. तेव्हा तुझ्या ओळखीने एकच काम करायचंय, त्याची ती वाट बघणं थांबवायचं. काय ऐकू येणार आहे, ते कुठलं आहे, आणि ते कुठे बसून कधी ऐकायचं, एवढं सांगायचं.

हे मला कळलं ते माझ्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी. मे महिना होता, दिवसा पारा ४५ च्या वर, रात्री दहा वाजता कुठे गच्ची बसण्यासारखी होते. गच्चीवर पाणी मारलं, चटया टाकल्या, दोन स्पीकर कठड्याला टेकवून ठेवले आणि अकरा जणांना बोलावलं. त्यात मामांचे एक शेतकरी मित्र होते, धरणगावकडचे, साठीच्या पुढचे, ते मामांना भेटायला आले होते आणि मामांबरोबर वर येऊन बसले. पाच-सात मिनिटं झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, 'आते गानं सुरू व्हई का?' मी म्हटलं काका, गाणं असं नाहीये, आपल्याकडचे रात्रीचे आवाज आहेत, विहीर, डीपीचा ट्रान्सफॉर्मर, रेल्वे, त्यात मी सूर मिसळलेत, तुम्ही गप्पा मारा, झोप आली तर झोपा. एवढंच बोललो. ते उशीला टेकले. तिसऱ्या ट्रॅकमध्ये विहिरीवरच्या मोटरचा आवाज आहे, एरंडोलजवळच्या एका मळ्यात घेतलेला, जरासा लांबवलाय आणि वर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, आहे, मला वाटायचं हे काय आहे कुणाला कळणार नाही. काका उठून बसले आणि म्हणाले ही पाच एचपीची मोनोब्लॉक मोटर आहे, आणि हिचा सक्शनचा पाइप सांध्यात हवा ओढतोय, ऐक, मधे मधे पाणी तोडतेय.

दुसऱ्या दिवशी मूळ रेकॉर्डिंग काढून ऐकलं. खरंच, दर आठ-दहा सेकंदांनी आवाज एकदम मोकळा पडतो, हवा ओढल्यासारखा, आणि पुन्हा भरतो. तो तुकडा मी महिनाभर मिक्स करत होतो आणि मला ते नुसतं टेक्स्चर वाटत होतं. मळेवाल्याला फोन करून सांगितलं, त्याने सांधा नीट करून घेतला. पण मला त्या रात्रीचं आजही आठवतं ते हे, की पहिली सात मिनिटं हा माणूस गाण्याची वाट बघत होता आणि नंतर तो माझ्यापेक्षा बारीक ऐकत होता, आणि मधे फक्त दोन वाक्यं झाली होती.

हे आपल्याच भागापुरतं आहे असंही नाही. या प्रकाराला अॅम्बियंट, म्हणजे सभोवतालचं संगीत, हे नाव ज्याच्यामुळे रुजलं त्या इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनोने १९७५ च्या अल्बमच्या कव्हरवर काय लिहिलं होतं, तर अपघातानंतर तो अंथरुणावर पडून होता, कुणीतरी आणून दिलेली हार्पची रेकॉर्ड कशीबशी उठून लावली, आवाज फार हळू होता, एक स्पीकर बंद होता, बाहेर पाऊस, आणि पुन्हा उठून आवाज वाढवायची ताकद नव्हती, म्हणून ते संगीत पावसात मिसळून तसंच ऐकलं. ऐकायची जागा आणि परिस्थिती हीच त्याने ओळख म्हणून दिली. १९७८ साली तर त्याने अल्बमच्या नावातच विमानतळ घातला.

तर तुझ्या अल्बमची ओळख मी लिहिली असती तर साधारण अशी: 'हा अल्बम सावद्यात रात्री अकरा ते दोनच्या दरम्यान तयार झाला. यात केळीच्या फाटलेल्या पानांतला वारा आहे, तो पावसासारखा वाजतो. ठिबकच्या नळ्यांतून निघणारी हवा आहे. सावदा स्टेशनवर केळी भरायला थांबलेल्या मालगाडीचं इंजिन आहे. गाणी नाहीत, आजीची चाळीस सेकंदांची ओवी सोडली तर शब्द नाहीत. कामं आटोपल्यावर, पंखा चालू असताना, हळू आवाजात लावा. मधे झोप लागली तरी चालेल, ५२ मिनिटांनी आपोआप संपतो.' बस. यातलं एक वाक्य घेऊन तू व्हॉट्सअॅपला टाकलंस तरी माणूस पानांचा आवाज खरंच पावसासारखा येतो का हे बघायला तरी उघडेल. आणि 'अनुभव', 'प्रवास', 'अद्भुत', 'आत्मा' हे चार शब्द काढूनच टाक, ते आले की वाक्य पोकळ होतं.

हेडफोनचंही तसंच. हेडफोन लावा डोळे मिटा म्हटलं की त्याला वाटतं आता परीक्षा आहे, लक्ष देऊन ऐकावं लागेल, आणि तेवढा निवांत वेळ कुणाकडे आहे. स्वयंपाकघरात ऐका, गाडीत ऐका, रातपाळीला ऐका, असं सांगितलं तर तो ऐकतो, आणि मग एखाद दिवशी आपण होऊन हेडफोन लावतो.

ट्रॅकची नावं बदल. 'इथेरिअल व्हॉइड पार्ट टू' अशा नावाचे ट्रॅक जगात हजारो असतील, त्या गर्दीत तुला कोण शोधणार. तुझ्या रोजच्या बोलण्यातच इतके चांगले शब्द आहेत, पिलबाग, घड, रातपाळी, वाफसा. वाफसा हा तर तुझ्या दुसऱ्या ट्रॅकचा अर्थच आहे, पाऊस होऊन गेलाय, जमीन ओली पण चिखल नाही, आता औत चालेल अशी. तो ट्रॅक तसाच आहे, दाटून आलेला पण मोकळा. नाव देवनागरीत ठेव, आणि स्टोअरमध्ये रोमन स्पेलिंगचा पर्याय भरायची सोय असेल तिथे तेही भर, कारण मराठी माणूससुद्धा सर्चमध्ये रोमनच टाइप करतो. भाषा विचारतात तिथे, ओवीचा आठवा ट्रॅक सोडून, इन्स्ट्रुमेंटल निवड, मुख्य प्रकार इलेक्ट्रॉनिक आणि उपप्रकार अॅम्बियंट. मेडिटेशन किंवा भक्ती टाकू नकोस, तिथे येणारा माणूस दुसरंच काही शोधत असतो, तो पाचव्या सेकंदाला निघून जाईल.

बीटचं. नको टाकूस. तुला कुणीतरी सांगितलं असणार की तबल्याचा लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, टाक मग चालेल. मी पहिल्या अल्बमला अगदी हेच केलं होतं, दोन ट्रॅकवर तबल्याचा तयार लूप लावला, रॉयल्टी फ्री म्हणून उतरवलेला, आणि रिलीजनंतर पंधरा दिवसांत यूट्यूबवर त्याच ट्रॅकवर दुसऱ्या कुणाचा तरी कॉपीराइट क्लेम आला, कारण तोच लूप त्यानेही वापरलेला आणि त्याने आपला ट्रॅक कन्टेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकलेला. वापरायचा परवाना दोघांकडे होता, पण तो आवाज एकट्याच्या मालकीचा कुणाचाच नव्हता आणि मशीनला ते कळत नाही. क्लेम काढायला दीड महिना गेला. त्यामुळे लूप किंवा तयार सॅम्पल जसेच्या तसे वापरलेस तर तो ट्रॅक कन्टेंट आयडीत टाकू नकोस, नाहीतर उद्या तूच कुणावर तरी खोटा क्लेम लावून बसशील. तुझ्या अल्बमचं मोठं बळ हे आहे की यातला प्रत्येक आवाज तू स्वतः उभा राहून घेतलाय. आणि ठेका हवाच असेल तर पाचव्या ट्रॅकमध्ये तो आहेच की, मालगाडीच्या वाघिणी रुळांच्या सांध्यावरून जातात ती खटखट, ती फक्त दोन डीबी वर आण.

आता आवाजाची पातळी, इथे जरा सविस्तर लिहितो कारण इथेच घरी केलेले अल्बम बिघडतात. तू लिहिलंस की एका ठिकाणी मास्टरिंगला दिला होता आणि त्यांनी सगळे ट्रॅक दाबून मोठे करून दिले, ते ऐकून तुला वाईट वाटलं पण वाटलं असंच असतं. असं नसतं. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला (लफ्स म्हणजे कानाला आवाज किती मोठा लागतो त्याचं माप) सगळं आणून ठेवतं, म्हणजे तू उणे ८ ला दाबून पाठवलास तर ते ६ डीबी खाली ओढणार, आणि तुझ्या हातात राहणार फक्त दबलेला आवाज, मोठेपणा जातोच. उलट तुझ्यासारखा ट्रॅक उणे १८, उणे २० असला तरी काही बिघडत नाही, पीकला, म्हणजे आवाजाच्या सगळ्यात उंच टोकाला, जागा असेल तेवढा ते त्याला वर घेतात. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं पण हळू आवाज वर नेत नाही, तिथे तो हळूच वाजेल, वाजू दे, तू ओळखीत हळू लावा म्हणून लिहिलेलंच आहेस. ट्रू पीक तेवढा उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा मोजून सारख्या आकड्याला आणू नकोस. सलग अल्बम वाजवला की स्पॉटिफाय सगळ्या ट्रॅकना एकच माप लावतं, त्यातला हळू ट्रॅक हळूच राहतो. तुझा सातवा ट्रॅक, तो फक्त रातकिडे आणि एक सूर, तो सहाव्यापेक्षा खूप हळू आहे आणि तसाच असला पाहिजे, आधीच्याच्या आवाजातून बाहेर पडल्यावर जे रिकामं वाटतं ते त्याच्यातच आहे. मास्टरिंगवाल्यांनी तो सहाव्याच्या बरोबरीला आणला आणि रातकिडे कानात टोचायला लागले. परत कर. स्वतः कर, आवाजाची टोकं दाबणारा लिमिटर जेमतेम लागेल असा ठेव, आणि अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत, व्हॉल्यूमला हात न लावता ऐक. जिथे हात जाईल तिथे चूक आहे.

सांधे बघ. तू ट्रॅक एकमेकांत मिसळलेत पण एमपीथ्री पाठवल्यास, आणि एमपीथ्रीच्या पुढेमागे बारीक शांतता चिकटते, म्हणून दुसऱ्याहून तिसऱ्यात जाताना उचकी लागते. वेव्ह किंवा फ्लॅक दे, २४ बिट, आणि सलग मिक्समधून कापताना लाट शून्यावर असेल तिथे काप. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीने पानांचा आवाजसुद्धा पाण्याखालून आल्यासारखा होतो, तुझा अर्धा अल्बम अशाच बारीक सळसळीचा आहे, तो त्यात वाया जातो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे फाइल आहे तशी जाते.

मोबाइलच्या स्पीकरवर मी मुद्दाम ऐकला. पहिला ट्रॅक जवळपास गायब आहे. तुझा मूळ सूर पेटीच्या पांढरी पाचचा, ९८ हर्ट्झ, आणि मोबाइलचा एवढासा स्पीकर २०० च्या खाली फारसं काही वाजवतच नाही, म्हणजे लिंक उघडणाऱ्याला पहिलं अर्धं मिनिट शांतताच ऐकू येते आणि त्याला वाटतं फाइल खराब आहे. बास वाढवून उपयोग नाही. त्या सुरावर थोडं सॅच्युरेशन लाव, म्हणजे त्याचे वरचे स्वरांश १९६, २९४, ३९२ ला उमटतात आणि कान खालचा सूर आपोआप भरून घेतो. तसंच मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र, करून बघ, ब्लूटूथचे छोटे डबे बहुतेक मोनोच असतात, आणि तुझा तिसऱ्या ट्रॅकमधला पसरट पॅड, म्हणजे सिंथचा सलग सूर, मोनोत अर्धा खल्लास होतो, डावं-उजवं एकमेकाला खाऊन टाकतं. तो थोडा आत आण.

सहाव्या ट्रॅकमधला डीपीचा हम, म्हणजे सलग गुणगुण, काढायचाय म्हणतोस, कारण सुराबरोबर डोकं दुखतं. हम काढू नको भाऊ, सूर हलव. आपल्याकडची लाइट ५० हर्ट्झची, आणि ट्रान्सफॉर्मरचं लोखंड त्याच्या दुप्पट वेगाने थरथरतं, म्हणून बांधावरचा डीपी १०० ला गुणगुणतो. तुझा सूर ९८ ला. दोन हर्ट्झचा फरक, म्हणून सेकंदाला दोन लाटा पडतात आणि तेच तुझं डोकं दुखणं. सगळे सिंथ ३५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर घे, म्हणजे ४४० ऐवजी ४४९ ला जुळव, पांढरी पाच बरोबर १०० वर येऊन बसेल आणि डीपी तुझा तानपुरा होईल. ग्रिड जरासं वरखाली होत असतं म्हणून शेवटचं थोडं कानाने मिळव. मी हे केलं तेव्हा रात्री दोन वाजता एकटाच हसलो होतो, इतकं ते गोड लागतं. पण हा हम बाहेरून रेकॉर्ड केलेला आहे म्हणून ठेवायचा. चार्जरचा किंवा इन्व्हर्टरचा जो किरकिरा आवाज दुसऱ्या ट्रॅकमध्ये शिरलाय तो वेगळा, तो काढ, रेकॉर्ड करताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवलास तर पुढच्या वेळी येणारच नाही.

आठव्या ट्रॅकमध्ये आजी जात्यावर ओवी म्हणतेय. चाळीस सेकंदच आहेत पण अख्ख्या अल्बमचा जीव तिथे आहे, जात्याची घरघर म्हणजे आपल्या घरातला सगळ्यात जुना ड्रोन, सलग चालणारा सूर. आजीला ऐकव, विचार, आणि तिचं नाव क्रेडिटमध्ये घाल. ओवी परंपरेने आलेली असली तरी तिच्या गाण्यावर तिचा हक्क आहे, कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचा म्हणून वेगळा हक्क दिलाय, ५० वर्षं चालतो. आणि कायदा बाजूला ठेव, असोद्याच्या बहिणाबाई आपल्यापर्यंत आल्या कारण त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्यांच्या ओव्या ऐकून लिहून ठेवल्या. तुझ्या आजीचं नाव कुठेतरी लिहिलेलं राहू दे.

रिलीजची कामं भराभर सांगतो. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर तुझ्या मोबाइलमधला बागेतला रात्रीचा फोटो टाक, तो आकाशगंगेवाला नको. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे अल्बम स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारे, दोन तऱ्हेचे, काही वर्षाला पैसे घेतात आणि भरणं थांबलं की अल्बम उतरू शकतो, काही एका अल्बमचे एकदाच घेतात, तू वर्षाला एक अल्बम काढणार नसशील तर एकदाच घेणारा बरा. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो, बारा अक्षरं-आकड्यांचा, तो तेच देतात, वहीत उतरवून ठेव, पुढे डिस्ट्रिब्युटर बदललास तर तोच कोड द्यायचा म्हणजे जुना हिशोब तुटत नाही. निदान तीन-चार आठवडे आधी अपलोड कर, स्पॉटिफायच्या संपादकांकडे एकच ट्रॅक सुचवता येतो आणि तोही रिलीजच्या किमान सात दिवस आधी. चौथा सुचव, ठिबकचा.

पैशांचं खरं सांगतो. स्पॉटिफायवर वर्षभरात १००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला २०२४ पासून काहीच मिळत नाही, आणि तीस सेकंद ऐकलं की एक वेळ मोजतात, मग ट्रॅक दोन मिनिटांचा असो की अकरा. म्हणून काही जण लांब ट्रॅकचे तुकडे करतात. तू करू नकोस, अकरा मिनिटांच्या पहिल्या ट्रॅकमध्ये रात्र उतरायला जो वेळ लागतो तो लागतोच. बँडकॅम्पवर मात्र टाकच, तिथे विकलेल्या डिजिटल अल्बममधून ते १५ टक्के ठेवतात, वर पेमेंटचा खर्च जातो, आणि बाहेरदेशी या प्रकारचं विकत घेऊन ऐकणारे लोक तिथेच बसलेले असतात, त्यांना सावदा कुठे आहे हे माहीत नसतं आणि तेच त्यांना हवं असतं. आपली ओळख तिथे इंग्रजीतही लिही, पण तीच, ठिबक आणि मालगाडीवाली, वेगळी सजवलेली नाही.

लोक म्हणतील हे परदेशी खूळ आहे. तुझा चुलतभाऊ म्हणाला तसं. त्याला सांग की १९६९ साली अहमदाबादला एनआयडी या डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर नावाच्या संगीतकाराने मूग कंपनीच्या सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला होता आणि तिथे आपल्या लोकांनी असलेच बिनशब्दाचे प्रयोग टेपवर केले होते. अहमदाबाद म्हणजे सुरत लाइनने एका रात्रीचा रस्ता. आणि रात्रभर एकाच लयीत कानबाईची, आपल्या खानदेशच्या देवीची, गाणी ऐकत बसणारी माणसं आपल्याच घरात आहेत, त्यांना लांब चालणाऱ्या आवाजाची सवय नाही असं कोण म्हणेल.

चाळीस जणांना पुन्हा लिंक टाकू नको. त्यांच्यातले सहा निवड, प्रत्येकाला वेगळा मेसेज कर आणि एकच ट्रॅक दे, त्याच्या ओळखीचा. रेल्वेत असलेल्याला मालगाडीचा, रातपाळीवाल्याला सातवा, शेतीवाल्याला ठिबकचा. ऐकून कसं वाटलं हे विचारू नको, त्याचं उत्तर 'छान' येणारच. यात काय काय ओळखू आलं ते विचार. मग बघ माणसं किती बोलतात.

आणि रिलीजच्या आधी तुझ्या गच्चीवर एक रात्र लाव. सावद्यात गाड्या रात्रभर जातात, पाचव्या ट्रॅकच्या वेळी खरी मालगाडी आली तर अल्बम थांबवू नकोस, आमच्या गच्चीवर तसं झालं होतं आणि अर्ध्या लोकांना कळलंच नाही अल्बममधली कुठली आणि बाहेरची कुठली. आजीला पुढे खुर्ची दे. तारीख ठरली की कळव, मी दोन स्पीकर आणि लांब वायर घेऊन येतो, एक्स्टेंशन बोर्ड तेवढा तुझ्याकडे बघून ठेव.